बांधणीतली चूक

१९७१ साली त्या वाचनालयात दोनच कपाटांपाशी गर्दी असायची. एकाला बायका ‘धडधड’ म्हणत, दुसऱ्याला ‘रडारड’. खुनाबिनाच्या कादंबऱ्या पहिल्यात, घरसंसाराच्या दुसऱ्यात. शनिवारी दुपारी सगळ्या लांबट टेबलाभोवती जमत आणि आपण वाचलेलं पुस्तक दुसरीच्या गळ्यात मारत. नियम एकच होता. पन्नास पानांपर्यंतच सांगायचं. शेवट फोडणारीनं सगळ्यांना चहा पाजायचा.

“मी एक सुचवू?” त्या शनिवारी नवी म्हणाली.

ग्रंथपालबाईंनी शिक्का मारता मारता मान वर केली. औषधांच्या दुकानदाराची ही दुसरी बायको, म्हणून तिचं नावच ‘नवी’ पडलं होतं. येताना सोबत मोठी नणंद असायचीच. नणंद वाचत नसे, शेजारी बसून स्वेटर विणायची आणि जाताना पुस्तकांची पिशवी उचलायची. नवीनं आजवर टेबलाशी तोंड उघडलं नव्हतं, आणि रडारडीच्या कपाटापलीकडे ती कधी गेलीही नव्हती.

“सांग की,” दोघीतिघी म्हणाल्या.

“एक घड्याळजी असतो. त्याची दुसरी बायको. रोज झोपताना तो तिला स्वतःच्या हातानं दूध आणून देतो. पेला रिकामा होईपर्यंत समोर उभा राहतो.”

“काय बाई लाड. आमच्याकडे पाण्याचा पेला उचलून द्यायचा तर अंगात ताप असावा लागतो.”

सगळ्या हसल्या. हसू ओसरल्यावर नवी म्हणाली, “हळूहळू तिचा डावा हात बधिर व्हायला लागतो. एक दिवस मोलकरीण सहज बोलून जाते, आधीच्या बाईंचाही आधी हातच गेला होता.”

“विष. नवरा. पुढे?” तारमावशी म्हणाल्या. तारऑफिसात जन्म गेल्यामुळे त्यांना लांब वाक्यं जमत नसत.

“पुढे ती सांगणार कुणाला? घड्याळजीला सगळं गाव मानतं. तिला एकटीला कुठे जाता येत नाही. आणि काल त्यानं सांगितलंय, तुझी तब्येत ठीक नाही, सोमवारपासून बाहेर जाणं बंद.”

ग्रंथपालबाईंनी एकाच पानावर दुसऱ्यांदा शिक्का मारला. धडधडीच्या कपाटातलं एकूण एक पुस्तक त्यांनी वाचलं होतं. असं पुस्तक तिथे नव्हतं. त्यांची नजर नवीच्या मांडीवर गेली. डावा हात तिथे पडला होता, कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. हल्ली ही पुस्तक एकाच हातानं घेते, हे त्यांना आत्ता आठवलं.

विणायच्या सुया थांबल्या.

“काय गं,” नणंद म्हणाली, “हे वाचलंस कधी? पिशवी दर खेपेला मीच उचलते. घरी तर सगळी संसाराची पुस्तकं येतात.”

“वन्सं, ते...” नवीनं उजव्या हातानं डावा हात पदराखाली ओढला.

टेबलाभोवती सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. एकीनं तर मागे वळून कपाटाकडे बोट दाखवलं, “कुठल्या खणात आहे? मीच नेते आज.”

“तिथे नाही मिळायचं,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. आपला आवाज त्यांना परका वाटला. “आमच्या बाइंडरचा प्रताप. बांधणीत चूक केली. पुठ्ठा घातला रडारडीचा आणि आत शिवली धडधड. बाहेरून बघाल तर सोन्यासारखा संसार. उघडल्याशिवाय कळत नाही.”

“अगं बाई, म्हणजे आमच्या जाऊबाईंसारखं,” कोणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा पिकला. नणंद हसली नाही.

“शेवटची पानं तर शिवायचीच राहिली,” बाई घाईघाईनं म्हणाल्या. “मागच्या खोलीत आहेत. चल गं, देते.”

नवी उठली. नणंदेनं विणकाम पिशवीत कोंबलं. “मीपण येते.”

तारमावशींनी तिच्या लोकरीचा गुंडा पकडला. “बसा. शेवट ऐकायचा नाही. नियम.”

“मी कुठं वाचते तुमची पुस्तकं?”

“बसा म्हणते ना. ही वीण दाखवा. उलटी की सुलटी?”

मागच्या खोलीत बाइंडर पुठ्ठे चिकटवायची खळ ढवळत होता. बाईंनी दार लावून कडी घातली.

“बाई, तसलं पुस्तकच नाहीये,” नवी म्हणाली.

“माहीत आहे. माझी बहीण नर्स आहे, शेजारच्या गावी. तिच्या हॉस्पिटलात जायचं. तिला हेच सगळं सांगायचं. पन्नास पानांवर थांबायचं नाही.”

बाहेरून दारावर थाप पडली. मग जोरात. बाइंडरनं हात पुसले, गल्लीकडचं दार उघडलं आणि सायकल बाहेर काढली. नवी मागे बसली, एकाच हातानं धरून.

कडी काढण्याआधी बाई बराच वेळ दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. थापा त्यांच्या पाठीत बसत होत्या.

औषधवाला दोनदा वाचनालयात येऊन गेला. नुसता बाईंकडे बघत उभा राहिला. तेव्हापासून बाईंनी घरी एकटीनं जाणं सोडलं. पुढे हॉस्पिटलातून कळल्यावर पोलीस आले तेव्हा तो दुकान टाकून गेलेला होता. नणंद एकदाच आली, राहिलेली पुस्तकं परत करायला. “त्या पुस्तकात नणंद होती का?” तिनं विचारलं. “पन्नास पानांपर्यंत तरी नव्हती,” बाई म्हणाल्या. बाइंडरनं उभ्या आयुष्यात एक पान उलटं शिवलं नव्हतं, पण त्या चुकीवरून बायकांनी त्याला म्हातारपणापर्यंत चिडवलं. तो मान खाली घालून खळ ढवळत राहायचा.

आणि तारमावशी, दृष्टी गेल्यावरही, शनिवारी कुणाचा तरी हात धरून यायच्या. टेबलाशी बसायच्या आधी विचारायच्या, “ते पुस्तक. परत आलं?”

“नाही.”

“बरंय,” म्हणायच्या आणि खुर्ची चाचपायच्या.