ऱ्हस्व वेलांटी

"फोरमन, तुम्हीच सांगा," मोठे साहेब म्हणाले. "तुमच्या जागेवर येणारा माणूस पदविकेचा चालेल, की पदवीचाच हवा?"

फोरमन उभाच राहिला. समोर खुर्ची होती, पण या केबिनमध्ये त्याला बसायची सवय नव्हती.

"नोटिशीत आपण पदविका टाकलीय," साहेब म्हणाले. "आता वरचे म्हणतात, पदवी करा. मी म्हटलं, आधी फोरमनला विचारतो. तो स्वतः पदविकेचाच आहे."

पदविकेचाच. हा 'च' फोरमनने उभा जन्म ऐकला होता. पदवीवाले मागून यायचे, त्याला नमस्कार करायचे आणि बघता बघता त्याचे साहेब व्हायचे. त्याच्यासाठी मात्र फोरमनच्या खुर्चीपुढे जिनाच नव्हता. निवृत्तीला आला तरी ती जखम काही भरली नव्हती.

दाराबाहेर फिटर थांबला असणार, हेही त्याला ठाऊक होतं. फिटरही पदविकेचाच. त्याच्या हाताखाली तयार झालेला, पाठच्या भावासारखा. फोरमनच्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा इस्पितळात डबे पोचवणारा तोच. "माझ्यामागे ही खुर्ची तुझी," असं फोरमनने त्याला कितीदा तरी सांगितलं होतं, आणि अगदी मनापासून सांगितलं होतं.

पण ते परवापर्यंत. परवा जेवताना बायको हळूच म्हणाली होती, "तुमच्या चिरंजीवांनी अर्ज केलाय. तुमच्याच जागेसाठी. बाबांना इतक्यात सांगू नकोस म्हणालाय."

फोरमनचा घास हातातच राहिला. पदवी घेतल्यापासून पोराने कुठे धड अर्ज केला नव्हता. जाहिरात कापून दिली की "बघतो बाबा" म्हणायचा आणि गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला निघून जायचा. फोरमन चिडला, बोलला, अबोला धरून बसला, आणि शेवटी त्याने नाद सोडला. आता पोरगा आपणहून उठला होता.

त्याने कपाटावरच्या चौकटीकडे पाहिलं. पोराचं प्रमाणपत्र. चौकट पोराने स्वतःच करून आणली होती, चांगली जाडजूड लाकडाची, आणि उंच खिळा मारून टांगलीही त्यानेच. खालचा बारीक मजकूर तिथून कुणाला दिसत नसे, पण वरची मोठी अक्षरं या काठापासून त्या काठापर्यंत ठसठशीत होती: 'यंत्र अभियांत्रिकी पदवि'.

पदवि. ऱ्हस्व! कारखान्याच्या फळ्यावर कुणाची वेलांटी चुकली तर फोरमन ती खडूने दुरुस्त करून मगच पुढे जायचा. घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो ही चौकट दाखवायचा आणि म्हणायचा, "बघा, एवढे शिकलेले लोक आणि पदवी लिहिता येत नाही. आमच्या पदविकेवर तरी वेलांटी बरोबर आहे." लोक हसायचे. पोरगा तेवढ्यात पाणी प्यायला आत जायचा. बापाने चारचौघांत कौतुक केलं की लाजतो, असं फोरमन समजायचा.

पण नुसत्या पदवीने भागणार नव्हतं. अनुभवावर गेलं तर फिटर पोराला कुठल्या कुठे मागे टाकणार होता.

"पदवीच करा, साहेब," फोरमन म्हणाला.

साहेबांनी मान वर केली. "नीट विचार करून सांगताय ना? तुमचा फिटर बाद होईल."

"होऊ दे. काळ बदललाय."

"मग पदविकेवर आलेले सगळेच अर्ज बाद. अट एकदा बदलली की मी मागे घेणार नाही. नंतर माझ्याकडे यायचं नाही."

"नाही येणार."

बाहेर फिटर हात पुसत उभा होता. हात कोरडे होते, तरी पुसत होता. "काय म्हणाले, दादा?"

"वरूनच ठरलंय रे. पदवी हवी म्हणतात."

"तुम्ही बोललात ना पण?"

"बोललो. आपलं कोण ऐकतंय?"

"तुम्ही बोललात ना, मग झालं," फिटर म्हणाला आणि कामाला लागला. त्यापेक्षा त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. फोरमनला स्वतःची लाज वाटली. पण पोटच्या पोरासाठी माणूस काय काय करतो, अशी समजूत घालून तो घरी आला.

पोरगा खिडकीशी इस्त्री करत होता. पांढरा शर्ट, मुलाखतीसाठी. कितीतरी दिवसांनी तो गुणगुणत होता.

"मला सगळं कळलंय," फोरमन हसत म्हणाला. "आता घाबरू नकोस. तुझ्या वाटेतला काटा मी आजच काढला. जागेची अट बदलली. आता फक्त पदवीवाले. पदविकावाले सगळे बाद."

गुणगुणणं थांबलं. "कुणी बदलली?"

"अरे, मी! साहेबांनी मलाच विचारलं."

इस्त्री शर्टावर तशीच टेकलेली होती.

"अरे, जळेल तो," म्हणत फोरमन स्टुलावर चढला. "उद्या मूळ प्रमाणपत्र दाखवावं लागेल. मीच घेऊन जातो."

"बाबा, ते राहू द्या."

"राहू द्या काय? चांगला ताठ मानेनं दाखवीन."

त्याने चौकट खाली घेतली, टेबलावर उपडी घातली आणि पकडीने मागच्या बारीक लोखंडी चुका उपटल्या. पाठीचा पुठ्ठा निघाला. कागद त्याने अलगद बाहेर ओढला आणि उजेडात सुलटा धरला. वेलांटी ऱ्हस्वच होती, आणि तिच्यापुढे, इतकी वर्षं लाकडाखाली दडलेलं, शेवटचं एक अक्षर होतं: का.