देवराईतलं यंत्र

"ठके, बाहेर ये! यंत्र आलंय!" देवराईच्या तोंडाशी उभा राहून बुधा ओरडला.

"आले हो, दिवा लावते नि येते. तुमची मेली नेहमीचीच घाई!" त्याची बायको आतून म्हणाली.

जंगलाची तब्येत तपासणारं ते यंत्र रोगट झाड सापडलं की जागीच कापायचं. माणूस त्याला फक्त मनगटावरच्या पट्ट्यावरून कळायचा, मग ते थांबायचं. पण देवराईत पट्टा कुणी घालत नसे. चपलांसारखाच तो बाहेर काढून ठेवायची रीत होती.

ठकी ज्या झाडाखाली वाकली होती, तिकडेच यंत्र वळलं. करवत फिरू लागली. बुधा धावत आत शिरला, बायकोपुढे उभा राहिला आणि त्याने मनगट उंचावलं.

यंत्र थांबलं नाही.

बुधाने हाताकडे पाहिलं. मनगट रिकामं होतं. आत शिरताना सवयीने त्याने चपलांबरोबर पट्टाही काढला होता.