ताठ बस

नरकचतुर्दशीच्या पहाटे लेकीच्या पाठीला तेल चोळताना सिद्धम्माचा हात मध्येच थांबला. तिनं तो पुन्हा मानेपासून खाली आणला. मणके सरळ उतरायचे सोडून उजवीकडे सरकत होते आणि कमरेपाशी परत मध्यावर येत होते.

"ऊठ. वाक गं जरा."

महादेवी पाटावरून उठली, गुडघ्यांना हात लावून वाकली. पाठीची उजवी बाजू वर आली, डावी खालीच राहिली. चुलाणाच्या उजेडात ते इतकं स्वच्छ दिसत होतं, की सिद्धम्माला स्वतःच्या डोळ्यांचा राग आला.

पण डोळ्यांना संधी मिळाली होती कुठं? पोरगी मोठी झाली आणि आपली आपण अंघोळ करू लागली. आईचा हात उघड्या पाठीवरनं फिरायचा तो दिवाळीतच. बाकी वर्षभर घरात एकच घोषा चालला होता, ताठ बस, ताठ बस. बाप जेवताना ओरडायचा, आई येता-जाता धपाटा घालायची. सगळ्यांना ती आळशी वाटत होती.

"अव्वा, मी ताठच बसते की गं," महादेवी वाकल्या वाकल्या म्हणाली. "तुमालाच खोटं वाटतंय."



तेवढ्यात सणासाठी माहेरी आलेली सिद्धम्माची नणंद चंद्रव्वा उटण्याची वाटी घेऊन न्हाणीत आली. पोरीची पाठ पाहिली आणि तिनं आधी दार लावून घेतलं.

"बोलू नको कुणाला. उद्या स्थळं यायची हायत. साडी नेसायला लागली की पदराखाली समदं झाकतंय बघ. माझ्या धाकट्या जावंचं असंच होतं. तिच्या आईनं झाकलं, लग्न झालं की झकास."

"आता कशा हायत त्या?"

चंद्रव्वा वाटीतलं उटणं उगाच कालवत राहिली.

"आता दम लागतोय. जिना चढवत न्हाय. डॉक्टर म्हनला, ल्हानपणीच आणायला पायजे होतं, पट्टा बांधून वाकणं थांबलं असतं."

"मग झाकून काय मिळवलं, वन्सं?"

उत्तराची वाट न बघता सिद्धम्मानं लेकीला पुढून पंचा गुंडाळला, दार उघडलं आणि नवऱ्याला हाक मारली.

ईश्वरप्पा नवं धोतर सावरत आला. पोरीची उघडी पाठ दिसताच त्यानं तोंड फिरवलं.

"अगं, काय हे? मोठी झालीय ती!"

"मोठी झाली म्हणूनच कुणी बघितलं न्हाय. बघा."

"सिद्धम्मा—"

"बाप हाय ना तुमी? मग बघा."

त्यानं पाहिलं. मग तो उंबऱ्यावरच बसला, नव्या धोतराला पाणी लागतंय याचंही त्याला भान राहिलं नाही.

"मी रोज ओरडत होतो की हिला," तो म्हणाला.

"ओरडून सरळ व्हायचं हाड न्हाय ते. हाडाच्या डॉक्टरकडं न्यायचं. आजच."

"आज दवाखाना कुटला उघडा असंल? पाडवा होऊन जाऊ दे."

"पाडवा झाला की भाऊबीज, मग तुळशीचं लगीन. वाढतं वय हाय तिचं, तिच्यासंगं ते पण वाढतंय. दवाखाना बंद असला तर डॉक्टरच्या घरी जाऊ. फराळाचा डबा घेऊन गेलेल्या माणसाला सणाचं कोण बाहेर घालवतंय, बघतेच मी."

हिच्यापुढं बोलून उपयोग नाही, हे ईश्वरप्पाला पुरतं ठाऊक होतं. तो टांगा बघायला गेला.

उजाडता उजाडता टांगा बोळाच्या तोंडाशी येऊन थांबला आणि मायलेकी बाहेर पडल्या. शुक्रवार पेठेत दारोदारी रांगोळ्या चालल्या होत्या, फटाक्यांच्या धुरानं बोळ भरला होता. चंद्रव्वानं धावत येऊन पोरीच्या खांद्यांवर शाल टाकली. सिद्धम्मानं ती काढली, घडी केली आणि परत तिच्या हातात दिली.

समोरच्या ईरम्मानं रांगोळीतून मान वर केली.

"सणाचं एवढ्या सकाळी कुटं निघालाव गं?"

"देवाला," चंद्रव्वा चटकन म्हणाली.

सिद्धम्मा काही बोलायच्या आत महादेवीच पुढं झाली.

"न्हाय ओ मावशी. माझी पाठ वाकडी झालीया, डॉक्टरला दावायला चाललोय."