दुपारची झोप

"हात लावू नकोस त्याला!" बाप ओरडला.

चार्जरकडे गेलेला मुलीचा हात तिथेच थांबला. शिलाई मशीनच्या फळीवर आईचा फोन पडला होता, आईनेच शिवलेल्या कापडी पिशवीतून अर्धा बाहेर. पडद्यावर आवाज रेकॉर्ड करायचं ॲप उघडं, त्यात एक लाल ठिपका आणि खाली थिजलेले आकडे. कुठेही बोट लावा, फोन ढिम्म. आईला नेलं त्या दिवसापासून तो तसाच होता आणि बापाने त्याची वायर एकदाही काढू दिली नव्हती.

"बाबा, त्याची पाठ बघा. बॅटरी फुगलीय. एखाद्या दिवशी पेट घेईल घरात."

"घेऊ दे."

आई कपडे शिवायची. माप घेताना टेप दोन्ही हातांत, मग लिहिणार कोण? म्हणून ती फोन गळ्यात अडकवायची, रेकॉर्डिंग लावायची आणि मापं मोठ्याने बोलायची. बंद करायला मात्र हमखास विसरायची. मग बाहीच्या मापामागोमाग दूधवाल्याशी घातलेली हुज्जत, शेजारणीच्या सुनेची उणीदुणी आणि स्वतःशीच चाललेली बडबड, सगळं त्यात जमा व्हायचं. "माझ्या पोटात काही राहत नाही, ते फोनच्या पोटात जातं," असं म्हणून स्वतःच हसायची.

त्या दुपारीही ती विसरली होती. शिवता शिवता छातीत कळ आली आणि मशीनवर डोकं टेकून ती गेली. बाप त्याच खोलीत, मध्ये टांगलेल्या पडद्यापलीकडे झोपला होता. बेकरीच्या भट्टीवर रात्रपाळी करणारा माणूस तो. मशीनच्या खडखडीने जाग येऊ नये म्हणून दोन्ही कानांत कापूस कोंबून दिवसा झोपायचा. उठला तेव्हा कापूस जागच्या जागी होता आणि मशीन बंद होतं.

तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. डोळा लागला रे लागला की "अहो" अशी हाक यायची. कापूस त्याने केव्हाच कचऱ्यात टाकला होता. हाकेसरशी धडपडत उठून पडदा सारावा, तर मशीनपुढचं स्टूल रिकामं असायचं. भट्टीवरचे सोबती म्हणायचे, तुझा पाव करपतोय आणि तूही.

"आईचा शेवटचा आवाज आहे त्यात," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "तो पुसला जाईल म्हणून घाबरता ना?"

बापाने नकारार्थी मान हलवली.

"पुसला जाईल म्हणून नाही गं. राहिला असेल म्हणून. तिने मला हाक मारली असेल तर? आणि मी इथे ढाराढूर..."

"आणि नसेलच मारली तर? जन्मभर असंच मन खात राहणार?"

तो स्टुलावर बसला. त्या स्टुलावर इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच बसत होता. "काय करायचं असतं?"

"बाजूची दोन बटणं एकदम दाबून धरायची, चालू-बंदचं आणि आवाज कमी करायचं. पडदा काळा होतो. मग कंपनीचं चिन्ह येतं, तेव्हा सोडायचं. साठवलेलं सगळं राहतं. पण हे अर्धवट अडकलेलं राहील की नाही, ते नाही सांगता येत मला."

"मी दाबतो."

पीठ मळून मळून त्याचे अंगठे राठ झाले होते. त्या बारीक बटणांवर ते नीट बसेनात. कसेबसे बसले. लाल ठिपका गेला, आकडे गेले, पडदा काळा झाला आणि त्याने घाबरून बटणं सोडून दिली. बायको दुसऱ्यांदा गेली, असंच त्याला वाटलं.

"सोडू नका बाबा. पुन्हा दाबा. धरून ठेवा."

त्याने ओठ घट्ट मिटून पुन्हा दाबलं. काही होईना. मग काळ्या पडद्यावर चिन्ह उमटलं.

रेकॉर्डिंग शाबूत होतं. फोनचं पोट भरलं तिथे ते थांबलं होतं आणि फोनही अडकला होता. मुलीने ते सुरू केलं आणि बोटाने पुढे सरकवत नेलं. आईने गिऱ्हाइकाला घातलेला दम, दाताने तोडलेला दोरा, मग नुसती मशीनची खडखड. मशीन अचानक थांबलं. एक लांब, अडखळता श्वास ऐकू आला.

"अहो."

हाक दबकी होती, पण होती. बापाने तोंडावर हात दाबला. "बघ. बघ, मारली होती तिने."

"थांबा बाबा, पुढे आहे."

पाय घासत चालल्याचा आवाज आला. पडद्याच्या कड्या वाजल्या. आता तिचा आवाज अगदी खाली गेला होता. ती स्वतःशीच बोलत होती, नेहमीसारखी.

"छातीत कसंतरीच होतंय... उठवू का ह्यांना?" थोडा वेळ नुसता श्वास. "नको बाई. आत्ता कुठे झोप लागलीय. रात्रभर भट्टीपुढे उभे असतात."

मुलीने बापाचा हात धरला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण आवळलेले खांदे सैल पडले होते. हाक मारून ती ताटकळली नव्हती. तिनेच त्याला झोपू दिलं होतं. मुलगी रेकॉर्डिंग बंद करायला गेली, तर त्याने मान हलवून तिला थांबवलं.

चादर सरसरल्याचा आवाज आला. मग पुन्हा आई, इतकी जवळून की ती त्याच्यावर वाकली असणार.

"अगं बाई, हा कापूस पडलाय की उशीवर. घालते परत कानात. नाहीतर मी कण्हले तर उगीच जाग यायची."