आंधळ्या टाइगची धून

धून संपली तेव्हा टेबलाभोवतालच्या नऊ वाद्यांपैकी एकही खाली ठेवलं गेलं नाही, हे नोरीननं आधी पाहिलं. टाळ्यांकडं तिचं लक्ष नव्हतं. टाळ्या इथं पाहुणे वाजवतात. घरच्या माणसांना धून आवडली की ती लगेच पुन्हा वाजवतात. तसंच झालं. म्हाताऱ्या मॅलकीनं आपली लाकडी बासरी ओठांना लावली आणि बाकीचे निमूट त्याच्या मागून निघाले. त्या आयरिश खेड्यातल्या पबात तोच मुकादम.

धून एडीनची होती. सवतीनं शाप देऊन माशी केलेली, सात वर्षं वाऱ्यावर भिरभिरत राहिलेली एडीन. दर रविवारी प्रार्थना आटोपून इथं जमणाऱ्यांना ती कथा बाळगुटीतूनच मिळालेली, त्यामुळं सूर कुठं टेकत का नाही, हे कुणाला सांगावं लागलं नाही. सांगावं लागलं ते एवढंच, की धून आणली कुठून. नोरीन म्हणाली होती, लीट्रिम परगण्यातल्या आंधळ्या टाइगकडून. तो वारला त्याच्या आदल्या वर्षी.

लीट्रिममध्ये असा कुणी टाइग कधी नव्हता. धून नोरीननं मार्च महिन्यात बटाटे सोलता सोलता रचली होती आणि शेजारी बसलेल्या तिच्या धाकट्या बहिणीला, डिंपनाला, हे पक्कं ठाऊक होतं. मागच्या वर्षी अशीच एक धून नोरीननं ‘माझी आहे’ म्हणून वाजवली होती. सगळे छान छान म्हणाले. मॅलकीनं तर दोनदा मान हलवली. त्यानंतर ती धून कुणाच्या वाद्यावर चढली नाही. जिवंत माणसाची धून इथं शेजाऱ्याच्या सासूसारखी असते: विचारपूस करायची, घरी आणायची नाही.

आज मात्र घोळ झाला होता. डब्लिनहून फर्गल आला होता. गावोगावचं जुनं संगीत ध्वनिमुद्रित करायचं आणि सरकारी संग्रहात नोंदवायचं, ही त्याची नोकरी. धून त्यानं दोनदा मुद्रित केली, वही उघडली आणि नोरीनला विचारलं, “कुणाची म्हणून लिहू, बाई? एकदा लिहिलं की बदलत नाही.”

डिंपनानं टेबलाखालून बहिणीच्या नडगीवर बूट मारला. “ताई, आता तरी खरं सांग,” ती पुटपुटली. “त्या मेल्या आंधळ्याला कशाला मोठं करतेस? तो मेला पण नाही धड.”

नोरीन तोंड उघडणार, एवढ्यात मॅलकीनंच घसा खाकरला. “टाइगची कसली? आमच्या आजोबांची आहे ही. मी पाळण्यात ऐकलीय.” मग नोरीनकडं वळून म्हणाला, “आणि दुसऱ्या भागात तू चुकतेस. तिथं खाली यायचं नसतं. वरच थांबायचं, श्वासभर.”

त्यानं वाजवून दाखवलं.

नोरीननं ऐकलं. नेमकी तिथंच ती तीन आठवडे अडून बसली होती आणि शेवटी कंटाळून खाली उतरली होती. मॅलकीच्या आजोबांनी जन्मात न वाजवलेली ती जागा अगदी बरोबर होती. तिला राग यायला हवा होता. आला, पण अर्धाच. उरलेल्या अर्ध्यात तिनं ती जागा बोटांवर बसवून घेतली.

मग तिनं फर्गलच्या वहीकडं पाहिलं आणि मॅलकीच्या बासरीकडं पाहिलं. वहीत नाव गेलं तर ते तिथं सुखरूप राहणार होतं, कपाटात. पण मॅलकी चारचौघांत खोटा पडणार होता, आणि खोटा पडलेला मॅलकी ही धून पुन्हा ओठांना लावणार नव्हता. त्यानं लावली नाही तर बाकीचे कशाला वाजवतील? या माणसांना ती चाळीस वर्षं ओळखत होती.

“जुनी आहे म्हणून लिहा,” ती फर्गलला म्हणाली. “रचणारा माहीत नाही. आणि मॅलकीदादा सांगतात तसंच वरच थांबायचं. टाइगला म्हातारपणी विसर पडला असेल.”

मॅलकीनं समजूतदारपणे मान डोलावली. आंधळ्या माणसाला त्यानं माफ केलं होतं. डिंपनानं आपला ग्लास उचलला आणि काळी बीअर एका दमात तळापर्यंत नेली.

फर्गलनं लिहून घेतलं, खाली रेघ मारली, आणि जाता जाता विचारावं तसं विचारलं की त्या टाइगकडून आणखी काही मिळालं होतं का.

“अकरा,” नोरीन आपल्या व्हायोलिनच्या गजाला राळ घासत म्हणाली. “म्हणजे आतापर्यंत आठवल्यात तेवढ्या.”

डिंपनाला ठसका लागला.

“अकरा ना?” मॅलकी म्हणाला. “त्यातल्या सात-आठ तर आमच्या आजोबांकडंही होत्या.”

“कुठल्या हो, दादा?”

“तू वाजवायला लाग,” मॅलकी बाहीला बासरी पुसत म्हणाला. “मी ओळखतो.”