थेंबभर तेल

जोतीराम मामांच्या जुन्या जीपमध्ये मी दुसरं इंजिन बसवत होतो, पण त्याचं ऑइल चेंबर खाली एक्सलला नडत होतं.

"गाडी कशी का पळंना, खाली तेलाचा थेंब पडाय नको," मामा रोज गॅरेजवर येऊन बजवायचे.

मी चेंबर कापलं, दोन इंच वर घेऊन वेल्डिंग केलं, रॉकेल भरून दोन दिवस ठेवलं. टिपूस गळलं नाही. खुशीत मामांनी मला पेढा भरवला, दोन स्वतः खाल्ले.

महिन्याभरानं मामी आल्या. हातात मामांचा शुगरचा रिपोर्ट. साडेतीनशे.



"आधी जिलेबीच्या गाड्याम्होरं जीपच्या तेलाचा डाग दिसला की मला कळायचं, हे कुठं गेलते, एक थेंब तरी गळू दे की रं, बाबा!"