अठ्ठावन्नच्या पुढे

"बावीस," हिम्मतराव म्हणाले आणि खुंटीवरच्या आपल्या कोटाकडे त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं. कोटाच्या खिशात फॉर्म होता. दहा वाजता कचेरीत द्यायचा.

समोर दत्तोबा बैठका मारत होते. गौलीगुड्याच्या या तालमीत एकानं मारायच्या आणि जोडीदारानं मोजायच्या, असा रिवाज. स्वतःच्या स्वतः मोजलेल्या बैठका वस्ताद नामदेवराव धरतच नसत. सरकारी नोकर आपलं काम आपणच मोजू लागला की काय होतं, हे त्यांनी निजामाच्या अमदानीपासून पाहिलं होतं.

"तेवीस. दत्तोबा, फॉर्म भरलात?"

"हौ." दत्तोबा खाली गेले, वर आले. "तुम्ही?"

"भरला. चोवीस. काय लिहिलंत?"

"पहले तुम्ही सांगा."

"नक्को, आधी तुम्ही. पंचवीस."

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते. फायली वाटून झाल्या, कपाटं वाटून झाली, आता कारकून राहिले होते. इथंच राहायचं की मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात जायचं, हे ज्यानं त्यानं लिहून द्यायचं होतं. हिम्मतरावांनी 'हैदराबाद' लिहिलं होतं. नारायणगुड्याचं घर सोडून औरंगाबादेत पाणी शेंदायला त्यांच्या पत्नी सत्यवतीबाई तयार नव्हत्या. दत्तोबांची शेती मात्र परभणीकडे. महिनाभर ते औरंगाबादच्या हवेची तारीफ करत होते.

हवेचं काय एवढं! हिम्मतरावांनी अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर घेतला, तिथून पुन्हा पहिल्यावर. मागं दत्तोबा दोन महिने करीमनगरला होते, तेव्हाही हिम्मतराव रोज पहाटे तालमीत येत. ओट्यावर बसून भिजवलेले चणे खात आणि डोक्यावर पाणी मारून घरी जात. "किती हो घाम!" सत्यवतीबाई कौतुकानं म्हणत. त्या दोन महिन्यांत हिम्मतरावांनी एकच बैठक मारली. तीही खाली पडलेला चणा उचलायला.

"असं करू," दत्तोबा धापा टाकत म्हणाले. "माझ्या साठ झाल्या की दोघांनी एकदम सांगायचं."

"मंजूर. एकतीस."

मंजूर म्हटलं आणि आकड्यांना जणू पाय फुटले. चाळीस कधी गेले, पन्नास कधी आले, कळेना. हिम्मतरावांनी तळहात धोतराला पुसले. ते लगेच पुन्हा ओले झाले. साठानंतर काय? दत्तोबा तिकडच्या तालमीत कुणाकडून तरी मोजून घेतील. लठ्ठ असेल तो. आकडे गाळणारा असेल.

"सत्तावन्न."

दत्तोबा खाली गेले, वर आले.

"अठ्ठावन्न."

दत्तोबा खाली गेले. हिम्मतरावांनी खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं. दत्तोबा वर आले.

"एकेचाळीस," हिम्मतराव म्हणाले.

कोपऱ्यात मुद्गल फिरवणारे वस्ताद थांबले. "हिम्मतराव, होशमध्ये आहात ना? ही एकोणसाठावी झाली त्यांची!"

हिम्मतरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एक बैठक कमी मोजली म्हणून चार-चार दिवस अबोला धरणारा माणूस होता हा दत्तोबा.

दत्तोबांनी गुडघ्यांवर हात टेकले. मांड्या लटलट कापत होत्या, नाकाच्या शेंड्यावरून घाम ठिबकत होता. त्यांनी हिम्मतरावांकडे पाहिलं, मग वस्तादांकडे.

"वस्ताद, तुम्ही कायकू बीचमें पडता?" ते म्हणाले. "मोजणारा मोजतोय ना?"

आणि बेचाळिसावीसाठी ते खाली बसले.